चौथी-पाचवीच्या मुलांना ‘सरकार’ कसं शिकवायचं?

प्रश्न : मी यंदाच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झालो. माझ्याकडे चौथी-पाचवीचा वर्ग आहे. ‘सरकार म्हणजे काय’ असं विचारलं की मुलं पंतप्रधानांचं नाव घेतात, नाहीतर ‘पोलीस’ म्हणतात, नाहीतर ‘आईच्या खात्यात पैसे टाकतात ते’ असं सांगतात. नागरिकशास्त्र तर सहावीपासून सुरू होतं. एवढ्या लहान मुलांना हे शिकवावं का? शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर :

सर, ही तिन्ही उत्तरं पुसू नका. फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि राहू द्या. एक माणूस, एक दंडुका आणि पैसा. सरकारकडे या तिन्ही गोष्टी असतातच, मुलं काही खोटं बोलत नाहीत. त्यांना दिसत नाही ते एवढंच, की हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं, ठरवताना वाद होतात, ठरवणारे बदलता येतात आणि ठरलेलं काम करणारी माणसं वेगळी असतात. चौथी-पाचवीत एवढं पोचलं तरी पुष्कळ झालं. पदांची नावं, सदस्यसंख्या, कलमं यांना पुढे वेळ आहे. बालभारतीच्या पुस्तकांची मांडणीही गेली काही वर्षं तशीच आहे : सहावीत ग्रामपंचायत ते महानगरपालिका, सातवीत संविधान, आठवीत संसद, राज्यशासन आणि न्यायव्यवस्था. पाचवीपर्यंत परिसर अभ्यासात नियम, सार्वजनिक सुविधा असे विषय येतात. वरवर पाहता ते सोपे धडे वाटतात, म्हणून आपण एका तासिकेत उरकून टाकतो. तिथेच गडबड होते.

सहावीपर्यंत थांबायचं म्हटलं तरी मूल थांबत नाही. त्याचं मत आधीच बनायला लागलेलं असतं. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीस फ्रेड ग्रीनस्टाइन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने न्यू हेवन शहरातल्या शाळकरी मुलांना राज्यकर्त्यांविषयी विचारलं होतं. मुलांना राष्ट्राध्यक्षाचं नेमकं काम सांगता येत नव्हतं, पण तो भला माणूस आहे याबद्दल शंका नव्हती. पुढे 1960 च्या दशकात त्याच देशाच्या अ‍ॅपलाचिया या गरीब डोंगरी भागातल्या मुलांना असेच प्रश्न विचारले, तर चित्र बरंच वेगळं निघालं. तिथल्या मुलांना तो एवढा भला वाटत नव्हता. घरी जे ऐकलं, दारात जे पाहिलं, त्यावर हे ठरतं. आपल्याकडे पारधी वस्तीवरचं मूल आणि फौजदाराचं मूल एकाच बाकावर बसलं असेल, तर ‘पोलीस’ या शब्दावर दोघांच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो तुम्ही पाहालच. त्यामुळे ‘पोलीस आपले मित्र’ असं फळ्यावर लिहून पुढे जाऊ नका. पोलीस काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे सांगा. मारायचा अधिकार त्यांना नाही, पकडलं तर 24 तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं, हे दहा वर्षांच्या मुलाला छान कळतं. ‘जेवला नाहीस तर पोलीस नेतील’ अशा धमक्या घरोघरी चालतात. त्यांचाही जरा समाचार घ्यायला हरकत नाही.

केंद्रप्रमुख म्हणून मी पुष्कळ वर्गांत मागच्या बाकावर बसलो आहे. सरकारचा धडा बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने चालतो. फळ्यावर राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशी उतरंड, समोर आजची नावं, आणि मुलांचा सामूहिक गजर. पाहुणा आला की प्रश्न हेच, उत्तरं हीच, सगळे खूश. पंधरा दिवसांनी राज्यपाल आणि राष्ट्रपती यांची अदलाबदल झालेली असते. मुलांची स्मरणशक्ती कमी पडते असं नाही. कबड्डीपटूंची नावं, गाड्यांचे नंबर त्यांना बरोबर लक्षात राहतात. राज्यपाल नावाच्या माणसाचं त्यांच्या आयुष्यात काही कामच पडत नाही, मग नाव धरून ठेवणार कशाला?

दुसरी अडचण वयाची आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी जिनिव्हातल्या लहान मुलांना विचारलं होतं, तू जिनिव्हाचा आहेस ना, मग स्विसही आहेस का? सात-आठ वर्षांची मुलं म्हणायची, छे, दोन्ही एकदम कसं असेन! तिसरी-चौथीत हा प्रयोग तुम्हीही करून बघा. ‘तू तालुक्यात राहतोस की जिल्ह्यात?’ असं विचारा. निम्मी मुलं एकाची निवड करतील, काही तर ‘मी गावात राहतो’ म्हणून दोन्ही नाकारतील. एकात एक बसलेली वर्तुळं या वयात हळूहळू पक्की होतात. ती पक्की व्हायच्या आधी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद हा त्रिस्तरीय जिना चढवला तर मुलं धापा टाकतात. चौथीत एकच पायरी घ्या, पाचवीत बाकीच्या.

वर्तुळांसाठी महागडं साहित्य नको. शाळेच्या फाटकावरचा फलक पुरतो. त्यावर काय असतं? जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, खाली गाव, केंद्र, तालुका, जिल्हा आणि एक अकरा आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. मुलं रोज त्याखालून आत येतात आणि कधी वाचत नाहीत. एक दिवस सगळ्यांना बाहेर नेऊन तो क्रमांक वहीत उतरवून घ्या. पहिले दोन अंक 27, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे, शेवटचे दोन आपल्या शाळेचे. मग शेजारच्या गावच्या शाळेचा क्रमांक शेजारी लिहा आणि कुठपर्यंत आकडे सारखे आहेत ते शोधायला सांगा. पाचवीची मुलं या शोधात अशी रंगतात की घंटा झालेली कळत नाही. ‘सर, तालुक्यापर्यंत सेम आहे!’ असं एकजण ओरडला की समजा वर्तुळं बसली. त्यानंतर ‘आपली शाळा कुणाची?’ हा प्रश्न. आजवर बहुतेक वर्गांत पहिलं उत्तर ‘हेडसरांची’ असंच आलेलं आहे.

आता मुख्य काम. मी त्याला ‘कुणाचं काम?’ म्हणतो. मुलांनी गावात फिरून बिघडलेल्या, अडलेल्या गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच. खांबावरचा दिवा बंद, गटार तुंबलं, एसटी वेळेवर येत नाही, आजीला रेशन मिळालं नाही, बाबांना सातबारा हवाय, शाळेच्या छताला ओल, नळाला दोन दिवसांआड पाणी. वर्गाच्या भिंतीवर मोठे कागद लावायचे : ग्रामपंचायत, तलाठी आणि तहसील, जिल्हा परिषद, महावितरण, एसटी महामंडळ आणि एक कागद ‘आपण स्वतः’. चिठ्ठ्या लावायला सुरुवात झाली की पहिली दहा मिनिटं सगळं ग्रामपंचायतीवर जातं. मग तुम्ही एकेक चिठ्ठी उचलायची.

दिव्याची चिठ्ठी सगळ्यात कामाची. गावातल्या रस्त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीने लावायचा आणि त्याचं बिलही ग्रामपंचायतीने भरायचं, पण तारेत वीजच नसेल तर ते महावितरणचं काम. मग दिवा बंद आहे तो बल्ब गेला म्हणून, की लाइन गेली म्हणून, की बिल थकलं म्हणून? हे आधी शोधावं लागतं. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की सरकार हा एकच माणूस नाही, आणि ‘आमचं काम नाही’ हे उत्तर कधी खरं असतं आणि कधी टाळाटाळ असते. रस्त्याचंही तसंच. गल्लीतला रस्ता ग्रामपंचायतीचा, गावाला जोडणारा बहुधा जिल्हा परिषदेचा, मोठा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. खड्डा मात्र सगळीकडे सारखाच. सगळ्या चिठ्ठ्यांचा निकाल लावायचा हट्ट धरू नका. दोन-तीन चिठ्ठ्या कुठल्याच कागदावर बसत नाहीत, त्या भिंतीवर मधेच राहू द्या. आणि हो, पदांची नावं बदलत असतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून जुनीच नावं चालतात. दोन्ही सांगा, परीक्षेसाठी नवं आणि चावडीत विचारण्यासाठी जुनं.

या चिठ्ठ्यांतली एक निवडून मुलांकडून खरा अर्ज लिहून घ्या. विषय, दिनांक, काय अडलं, काय हवं, खाली सह्या. भाषेच्या तासाचं कामही होऊन जातं. चार मुलांनी तो ग्रामपंचायतीत नेऊन द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन यायची. आवक क्रमांक, शिक्का, तारीख, सही. ही पोच घेणं मुलांना माझ्या मते सगळ्या पाठापेक्षा जास्त शिकवून जातं, कारण मोठी माणसंसुद्धा ती घेत नाहीत आणि मग ‘अर्ज आलाच नाही’ हे ऐकून परत येतात. पोच वर्गात टांगा. दर सोमवारी एका मुलाने वाचायचं : अर्ज दिला अमुक तारखेला, आज इतके दिवस झाले. काम झालं तर उत्तम. नाही झालं तर स्मरणपत्र. दोनदा स्मरणपत्र जाऊनही काही हललं नाही, असंही होतं. तेव्हा मुलांपुढे ग्रामपंचायतीला शिव्या घालू नका आणि सारवासारवही करू नका. कारण विचारायला पाठवा. ‘निधी नाही’, ‘ठराव झालेला नाही’, ‘माणूस रजेवर आहे’ ही तिन्ही कारणं वेगळी आहेत. एवढं ओळखता आलं की मुलगा पुढे कार्यालयात गोंधळत नाही.

एक सावधगिरी बाळगा. अर्ज देण्याआधी सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना कल्पना द्या. नाहीतर चार पोरांचा अर्ज गावच्या राजकारणात ‘मास्तरने लावून दिलं’ म्हणून फिरतो.

आता पैशाचं. ‘आईच्या खात्यात पैसे’ हे उत्तर 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आल्यापासून फार ऐकू येतं. महिन्याचे 1,500 रुपये मुलांना तोंडपाठ असतात. त्यांना विचारा, सरकारकडे पैसे कुठून आले? ‘छापतात’ हे ठरलेलं उत्तर. मग विचारा, तुम्ही सरकारला कधी पैसे दिलेत? वर्ग एकमुखाने ‘नाही’ म्हणतो. अशा वेळी बिस्किटाचा रिकामा पुडा काढायचा आणि त्यावरची किंमत वाचायला लावायची. शेजारी बारीक अक्षरात ‘सर्व करांसह’ अशा अर्थाचं छापलेलं असतं. म्हणजे पाच रुपयांचा पुडा घेणारी दुसरीतली मुलगीसुद्धा कर भरते. हा धक्का मुलांना फार आवडतो. पूर्वी मी पेन्सिलीचं उदाहरण घ्यायचो, पण सप्टेंबर 2025 पासून वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी काढून टाकला आहे, तेव्हा पुडाच बरा. दुसऱ्या दिवशी घरून घरपट्टी-पाणीपट्टीची जुनी पावती आणायला सांगा. ज्यांच्याकडे थकबाकी आहे त्या घरची मुलं कानकोंडी होतात, म्हणून कुणाची पावती कुणाला वाचून दाखवू नका. कराची नोंद ग्रामपंचायतीच्या ‘नमुना 8’ या नोंदवहीत असते, एवढं सांगून पुढे जा.

यानंतर चिंचोक्यांचा खेळ. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येक गट म्हणजे एक ग्रामपंचायत. गटाला 100 चिंचोके द्या. कागदावर पाच कप्पे : पाणी, रस्ता, दिवे, शाळेचं मैदान, गटारं. चिंचोके वाटायचे. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक गट वीस-वीस टाकून हात झटकतो. गोरगरीब भावंडांत भाकरी वाटावी तसं, भांडण नको म्हणून सारखं. मग दुसऱ्या फेरीत अट घालायची : पाण्याच्या टाकीला कमीत कमी 60 लागतात, त्याहून कमी टाकले तर टाकी अर्धवट राहणार आणि पाणी येणार नाही. आता बोलाचाली सुरू होते. एकदा एका गटात चार मुलं मैदानाच्या बाजूने होती आणि वस्तीवरून येणारी एक मुलगी पाण्यासाठी अडून बसली होती. मतदान झालं, चार विरुद्ध एक, साठ चिंचोके मैदानाला. मुलगी म्हणाली, ‘तुमच्या घरात नळ आहे म्हणून.’ चौघं गप्प. त्यातला एकजण हळूच म्हणाला, ‘पण मतदान झालंय की.’

सर, असा क्षण आला तर घाई करू नका. बहुमताने पाणी नाकारता येतं का, हा प्रश्न मुलांकडेच राहू द्या. संविधानात मूलभूत हक्क का लिहून ठेवले आहेत, हे सातवीत तुमचा सहकारी शिकवेल तेव्हा त्या मुलांना हा खेळ आठवेल. पाचवीत तुम्ही फार तर एवढं सांगा, की काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नाहीत असं आपण सगळ्यांनी आधीच ठरवून लिहून ठेवलंय. परिपाठाला आपण उद्देशिका म्हणतो, ती त्या लिखाणाची सुरुवात. आता ती म्हणण्याची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, ‘आम्ही भारताचे लोक’पासून ‘स्वतःप्रत अर्पण’पर्यंत एका दमात गाडी. महिन्याला एकच शब्द घ्या. पहिला महिना फक्त ‘आम्ही’. यात कोण कोण आलं? शेळ्या राखायला गेलेला, आज गैरहजर असलेला आपला वर्गमित्र आला का? ऊसतोडीला गेलेले आले का? राजा आला का? 26 नोव्हेंबरला संविधान दिनाच्या फेरीत घोषणा देण्यापेक्षा या गप्पांना जास्त वेळ द्या, असं माझं मत आहे. फेरी काढू नका असं म्हणत नाही, मुलांना बाहेर पडायला मिळतं.

शालेय मंत्रिमंडळाबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. निवडणूक आता मोबाइलच्या दोन फोनवर मतदान यंत्राचं अ‍ॅप घालून झकास होते, बीप वाजतं, बोटाला मार्करची खूण होते, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून मुख्यमंत्री म्हणजे मॉनिटर आणि शिस्तमंत्री म्हणजे बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा. म्हणजे मुलं एवढंच शिकतात की निवडून आलं की इतरांवर ओरडायला मिळतं. हे शिकवायला निवडणूक कशाला हवी? त्यापेक्षा मंत्र्यांकडून दंड द्यायचे अधिकार काढून घ्या आणि थोडे निर्णय खरोखर सोपवा. खेळाचं साहित्य कुठल्या दिवशी कुठल्या वर्गाला, वाचनकोपऱ्यातली पुस्तकं घरी न्यायचे नियम, शनिवारी कवायतीनंतर काय करायचं. आणि दर शनिवारी पंधरा मिनिटं प्रश्नोत्तराचा तास ठेवा, ज्यात कुठलंही मूल कुठल्याही मंत्र्याला उभं करून विचारू शकतं. संसदेतही कामकाजात प्रश्नोत्तराचा तास असतोच. आरोग्यमंत्र्याला तिसरीतल्या पोरीने ‘हात धुवायचा साबण सोमवारपासून का नाही?’ असं विचारलं आणि त्याची बोबडी वळली, की लोकशाहीचा पाठ झाला. कार्यकाळ तीन महिन्यांचा ठेवा. हरलेल्याला पुन्हा उभं राहता यावं हे महत्त्वाचं. वर्षाला एकच निवडणूक असेल तर हरणारं मूल जूनमध्ये रडतं आणि एप्रिलपर्यंत त्याला काहीच करता येत नाही.

खऱ्या निवडणुका आल्या की तुमची शाळा मतदान केंद्र होणार आणि तुम्हाला ड्यूटी लागणार, ती कुठल्यातरी दुसऱ्या गावात. परत आल्यावर ड्यूटीचा शीण असला तरी तो दिवस वाया घालवू नका. भिंतीवर रंगवलेला केंद्र क्रमांक, जमिनीवरच्या खडूच्या रेघा, कोपऱ्यात पडलेले लाखेचे तुकडे, सगळं ताजं असतं. विधानसभा-लोकसभेच्या वेळी मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान 50 मतांचं अभिरूप (चाचणीचं) मतदान घेतात, ते मोजून दाखवून पुसतात आणि मगच यंत्र सील करतात. मत कुणाला गेलं याची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे ती चिठ्ठी सात सेकंद दिसते. असलं तुम्ही स्वतः केलेलं काम सांगितलं की मुलं डोळे विस्फारून ऐकतात. मधेच कुणीतरी विचारणारच, ‘सर, तुम्ही कुणाला मत दिलं?’ सांगायचं नाही. आणि का सांगत नाही ते मात्र सांगायचं : तुमच्या आईला, आजीला कुणाच्या भीतीशिवाय बटण दाबता यावं म्हणून ही गुप्तता आहे, ती मी मोडली तर सगळ्यांचीच सैल होते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वर्गच दुभंगतो. ती पक्षाच्या चिन्हावर होत नसली तरी पॅनल असतात आणि पाचवीतली मुलंही पॅनलप्रमाणे डबे खायला बसतात. त्या पंधरवड्यात सरकारचा विषय बाजूला ठेवा, भूमिती शिकवा. निकालाचा गुलाल धुतला गेल्यावर पुन्हा सुरू करा. हा पळपुटेपणा आहे असं एका अधिकाऱ्यांनी मला ऐकवलं होतं. असू दे.

काही गोष्टी मुलं तुमच्याआधी पाहतात. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मुलगी विचारते, ‘सरपंच तर अमुक काकू आहेत, मग खुर्चीवर काका का बसतात?’ गावात उत्तर सगळ्यांना माहीत असतं. त्या काका-काकूंची वर्गात चर्चा नको, त्यांची मुलं-नातवंडं समोर बसलेली असतात. नियम सांगा : सही सरपंचाची चालते, पतीची नाही, आणि सभेचं अध्यक्षपद सरपंचाकडे असतं. शक्य असेल तर सरपंच ताईंना वर्गात बोलवा, एकट्यांना. मुलांनी प्रश्न आधी लिहून ठेवलेले असावेत. पहिली पाच मिनिटं त्या बिचकतात, मग बोलायला लागतात. आलेल्या निधीतला किती कशावर खर्च करायचा यावर सदस्यांशी कसं बिनसलं, हे सांगताना एका सरपंच ताईंनी खडू हातात घेऊन फळ्यावर हिशेबच मांडला होता. त्या तासाला मला एक अक्षर बोलावं लागलं नाही.

ग्रामपंचायतीची भेट काढणार असाल तर एक बारीकशी गोष्ट. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आपलं नाव पाहायला मिळेल असं मुलांना आधीच कबूल करू नका. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते आणि आताची बहुतेक बाळं तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेली असतात, तेव्हा नाव सापडत नाही आणि मूल हिरमुसतं. त्याऐवजी इतिवृत्ताची वही मागा. शेवटच्या मासिक सभेचे ठराव, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे मुलांनी वाचायचं. चिंचोक्यांचा खेळ खेळलेल्या मुलांना त्यातलं नव्वद टक्के कळतं.

पुस्तक आणि वास्तव जुळत नाही तेव्हा काय करायचं, असंही तुम्हाला पुढे वाटेल. सरपंच कुणी निवडायचा, हा नियमच बघा. 2017 मध्ये थेट मतदारांनी निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांकडे गेलं, 2022 मध्ये परत थेट निवड आली. छापलेलं पुस्तक याच्यामागे धावू शकत नाही. शहरात तर आणखी पंचाईत होती. पाच वर्षांनी निवडणूक असं शिकवायचं, आणि 2022 मध्ये मुदत संपलेल्या मुंबईसह अनेक महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक. ‘आपले नगरसेवक कोण?’ या गृहपाठाला मुलं कोरी वही घेऊन यायची. अशा वेळी पुस्तकातलं तेवढं वाचून घ्यायचं आणि बाकी झाकायचं, हे मला पटत नाही. नियम काय आहे ते सांगा, आत्ता काय चाललंय ते सांगा, आणि दोन्हींत फरक का पडला ते जितकं कळतं तितकं सांगा. आरक्षणावरचे न्यायालयीन वाद पाचवीला समजावण्याच्या फंदात पडू नका. ‘कोर्टात प्रकरण आहे’ एवढ्यावर मुलं समाधानी होतात, शेतजमिनीमुळे हा शब्दप्रयोग घरचाच असतो.

मूल्यमापनाचं विचाराल तर नावं पाठ असण्यावर गुण देऊ नका. एक नवी अडचण सांगा, जी भिंतीवर आलेली नाही. समजा, शाळेजवळच्या विहिरीला कठडा नाही. मग विचारा : कुणाकडे जाशील, काय घेऊन जाशील, त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर पुढे काय? तोंडी, दोन मिनिटं. वर्षाच्या सुरुवातीला याचं उत्तर ‘सरकारला सांगू’ असं येतं. मार्चमध्ये मुलं ग्रामपंचायत, अर्ज, पोच, ग्रामसभा असं काहीतरी सांगायला लागतात, आणि एखादा ‘तोपर्यंत आपणच काटे लावू’ म्हणतो. त्याला पूर्ण गुण.

ग्रामसभा दाखवायची असेल तर 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी यांपैकी 15 ऑगस्टची बरी. मुलं झेंडावंदनाला आलेलीच असतात आणि 1 मेला निकाल लागून शाळा सुटलेली असते. मुलांना मत नाही, गणपूर्तीतही (सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीत) ती धरत नाहीत, पण मागे बसून ऐकायला कुणी अडवत नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. तेवढी माणसं जमतात की नाही हे मोजायचं काम मुलांना द्या, आणि हजेरीवही घरोघर फिरून नंतर भरली जाते का, यावरही त्यांचं लक्ष असतंच, सांगावं लागत नाही. सभा तहकूब झाली तर वर्गात परत आणून तहकूब म्हणजे काय ते सांगा. सभा उशिराच सुरू होते, तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ बरोबर असू द्या.